खांबाजवळची जागा

मी तिपाई उभी केली की नदी रिकामी होते.

यात माझी काही सिद्धी नाही. वाळूच्या धक्क्यावर, म्हणजे नदीतून जिथं वाळू उपसतात तिथं, काम करणाऱ्यांनी तीन पायांचं यंत्र एकाच कामासाठी आलेलं पाहिलेलं असतं, चोरून किती वाळू नेली त्याच्या सरकारी मोजणीसाठी. माझा कॅमेरा जुन्या धाटणीचा, लार्ज फॉरमॅट. पुढं भिंग, मध्ये वाजवायच्या पेटीसारखा भाता, मागं दुधी काच, आणि त्या काचेवरचं चित्र नीट दिसावं म्हणून डोक्यावर घ्यायचा काळा कपडा. दुरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला दिसतात तीन लाकडी पाय आणि त्यावर वाकलेली एक बाई. मग कुणीतरी कुणालातरी फोन लावतो. वाळू उकरणाऱ्या पोकलेनचा आवाज बंद होतो, हायवा नावाचे ते अवाढव्य ट्रक अर्धे भरलेले तसेच चढणीला लागतात, आणि माझं भिंग बसवून होईपर्यंत त्या लांबलचक खड्ड्यात मी एकटी उरते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सुरुवातीला मी ओरडून सांगायची, ‘अहो, मी मोजणीवाली नाही, फोटोवाली आहे!’ एकदा एक ट्रॅक्टरवाला जाता जाता थांबला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, ‘फोटोवाल्या असत्या तर मोबाइलवर काढला असता की, बाई. एवढं डबडं कामून आणलं असतं?’ माझ्या आईनंही आयुष्यभर हेच विचारलं, फक्त जरा जास्त तिखट शब्दांत.

परभणीत मी एका शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टी मिळाली की माझ्या खडखडत्या व्हॅनमध्ये हे डबडं घालायचं आणि निघायचं. माणसानं जमिनीचं जे काय करून ठेवलंय त्याचे मी फोटो काढते. गिट्टीच्या खाणी, क्रशरच्या धुळीनं पांढरी पडलेली ज्वारी, मळीनं काळे झालेले ओढे, वीटभट्ट्यांनी खाल्लेली टेकाडं. मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म एकेक सुटं पान असते, वहीच्या पानाएवढं. त्यावर एवढं बारीक उमटतं की लांबच्या बाभळीच्या शेंगाही दिसतात. पण एक आहे. या कॅमेऱ्याला वेळ लागतो. भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात जे हललं ते उमटत नाही. एकदा पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाचा फोटो घेतला. माणसांचा लोंढाच्या लोंढा माझ्यासमोरून गेला. फोटोत फाटक आहे, आणि फाटकाशी बसलेलं एक कुत्रं.

पुण्यात एकदा माझे फोटो लावले होते. एक गृहस्थ वाळूच्या खड्ड्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि मान डोलवत म्हणाले, ‘काय शांतता आहे हो!’ मला असा संताप आला. शांतता कसली? तिथली माणसं पळून गेली होती.

खरं सांगायचं तर ती रिकामी झालेली नदी मला कधीच सहन झाली नाही. माणसं मुळात नसणं वेगळं आणि आत्ता होती ती नसणं वेगळं. बंद केलेलं यंत्र गार होताना कटकट वाजत राहतं. दगडावर अर्धा प्यालेला चहा असतो, त्यातून अजून वाफ निघत असते. खड्ड्याच्या तळाला वारा नसतो. मागच्या उभ्या कडेवरून वाळू घसरते, थोडी थोडी, थांबून थांबून. दर वेळी वाटतं की कुणीतरी चालत येतंय. मी दर वेळी वळून बघते, आणि दर वेळी स्वतःला शिव्या देते.

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर पालमच्या बाजूला, गंगेच्या काठी. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडं तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. फार वर्षांपूर्वी, हा कॅमेरा नवा नवा हातात आला तेव्हा, ताईच्या गावच्या महादेवाच्या ओट्यावरून मी गंगेचा एक फोटो काढला होता. पलीकडच्या काठावर एका देवळाचं शिखर, मध्ये पांढरं वाळवंट, अलीकडं काठावर बाभळी आणि शेतातल्या मोटारींसाठी नदीपर्यंत आणलेले विजेचे खांब. शेवटचा खांब अगदी पाण्याच्या रोखानं, एकटा. तेव्हा तिथं कुणी एक टोपलंही उचललेलं नव्हतं. जिथं काहीच घडलेलं नाही असा माझा तो एकच फोटो, त्यामुळं तो मी कधी कुठं लावला नाही.

भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं घरामागं नवी खोली बांधली. खोलीच्या वास्तुशांतीला काय न्यावं ते सुचेना. म्हटलं, आपल्याच नदीचा फोटो नेऊ, मोठा करून, चौकटीत घालून. 

दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, त्याच्या आधीच लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पूजा झाल्यावर नव्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. मान म्हणून मी चौकट त्यांच्याच मांडीवर ठेवली आणि वरचा कागद काढला. ते बघत राहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू सरकत काचेवर आला आणि शेवटच्या खांबाच्या बुडाशी त्यांनी बोट टेकवलं. टेकवलं आणि दाबून धरलं. त्यांचं बोट उचलून मी बघितलं, तर खांबाच्या उजव्या अंगाला एक चपटा दगड होता. चित्रात तिळाएवढा. फोटो माझा, पण तो दगड मी आजवर पाहिला नव्हता. दाजींनी ताईकडं बघितलं, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला, तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकलेला नाही.

ताईला लगेच कळलं. मला जरा वेळ लागला.

भाच्याच्या आधी ताईला एक मुलगी झाली होती. बारसं व्हायच्या आधीच ती गेली, त्यामुळं तिला नाव नाही. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात आणि वर दगड ठेवतात. बायांनी जायचं नसतं. आईला तर जागाही सांगायची नसते. सांगितली तर आईचा पाय तिथून निघत नाही आणि लेकराचाही जीव सुटत नाही, असं म्हणतात. दाजी आणि त्यांचे वडील, दोघंच लेकराला घेऊन गेले होते. ताई बाळंतिणीच्या खोलीत, दूध आटावं म्हणून आवळून बांधलेल्या छातीनं, दाराकडं बघत पडलेली. पुढं वडील वारले. ताईनं दाजींना कितीदा विचारलं, दर वेळी एकच उत्तर, ‘गंगेला दिली.’ बोलता येत होतं तोवर दाजींनी रीत मोडली नाही. वाचा गेल्यावर मोडली.

भाच्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो खांद्यावरून वाकून फोटो बघत होता, आनंदात. ‘मावशी, ह्यो खांब अजून हाय बरं का,’ तो म्हणाला. ‘भवतालचं समदं नेलं, खांब तेवढा ठेवलाय. आपल्या खोलीला तिथलीच वाळू हाय. एक नंबर वाळू, माती अजिबात न्हाई.’

ताई उठली आणि बाहेर गेली. त्यानंतर तिनं त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही.

लग्न झालं, सून आली, नवं जोडपं त्या खोलीत राहायला लागलं. सूनबाई गुणी, पण सासू आपल्या खोलीत येतच नाही म्हटल्यावर बिचारी मनातून हबकली. ताईचे मला फोन यायला लागले. ‘काल परत भिंत ओली झालती.’ मी म्हणायची, ताई, नवा गिलावा आहे, वर्षभर ओल धरतो. ‘आज लय गार पडलीय भिंत.’ मी म्हणायची, थंडी आहे. माझ्याकडं सगळ्याला उत्तर होतं, आणि ती माझं उत्तर ऐकून घेऊन फोन ठेवायची.

एकदा दुपारी न कळवता गेले. दाजी झोपले होते, पोरं बाहेर. घरामागं गेले तर ताई नव्या खोलीच्या भिंतीशी बाहेरून उभी होती, उन्हात, गाल भिंतीला टेकवून. डोळे उघडे होते. मी पाठीमागं उभी आहे हे तिला कळलं नाही. आमच्या ताईला मी आयुष्यात पहिल्यांदा भ्याले, आणि भ्याले की मी रागावते.

‘ताई, हे काय लावलंयस?’

ती दचकली नाही. गाल तसाच ठेवून म्हणाली, ‘काय न्हाई. हुबी हाय नुसती.’

मग आत येऊन तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. ‘तू एवढी जगाचे खड्डे बगत फिरतीस. एक माझं काम कर. तेवढी जागा खणली का राहिली, सांग मला. खांब राहिलाय म्हणत्यात. दगड खांबाला लागूनच व्हता. राहिली असंल तर बरंच झालं, मी गप बसंन, खोलीत जाईन, सुनंसंगं हसंन. खणली असंल तर तसं सांग. मला माझ्या घरात कसं वागावं ते कळंना झालंय.’

मी हो म्हटलं. एवढ्यावर भागलं नाही. ती म्हणाली, ‘मीबी येणार हाय.’

‘बायांनी जायचं नसतं म्हणतेस ना?’

‘लेकरू हाय तिथं तर न्हाई जायाचं,’ ताई म्हणाली. ‘हाय का न्हाई तेच तर बगायचं हाय.’

या बोलण्यात काय खोट काढणार?

थंडीतल्या एका सकाळी निघालो. दाजींपाशी सून थांबली. महादेवाच्या ओट्यावर पोचलो तर खाली कामं जोरात चालू होती. मी तिकडं बघायच्या आधी ताईकडं बघितलं. गावात राहूनही ती कित्येक वर्षांत या बाजूला आली नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला. पात्रातली वाळू कधीच संपली होती. आता काठ खाल्ला होता. बाभळींचा पत्ता नव्हता. जमीन एकदम तुटून खाली गेली होती आणि त्या तुटलेल्या कडेतून मुळ्या बाहेर लोंबत होत्या. तळाशी हिरवट पाण्याची डबकी. आणि या सगळ्याच्या मध्ये तो शेवटचा खांब, मातीच्या एका उंच खुंटावर, एकटा. तारा तोडता येत नाहीत म्हणून त्याच्याभोवतीची माती तेवढी ठेवली होती, हातभर इकडं, हातभर तिकडं. खुंटाच्या माथ्यावर जुनं गवत तसंच होतं. जुन्या जमिनीचा तेवढाच तुकडा शिल्लक होता, वर, आभाळात.

नुसत्या डोळ्यांनी काही ठरवता येण्यासारखं नव्हतं. दगड खुंटाच्या आत होता की बाहेर? म्हणून मी माझ्या पद्धतीनं गेले होते. जुन्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवून पलीकडचं शिखर, खांब, खांबाचं बूड असं सगळं पेन्सिलीनं उतरवलं होतं, आणि दगडाच्या जागी बारीक फुली. तो कागद कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर चिकटवायचा. त्याच ओट्यावर, त्याच भिंगानं, काचेवरचं आजचं चित्र जुन्या रेघांशी जुळवायचं. शिखरावर शिखर, खांबावर खांब बसला की फुली जिथं पडेल ती जागा. काचेवर चित्र उलटं पडतं, आभाळ खाली आणि जमीन वर, डाव्याचं उजवं. मला त्याची सवय आहे.

तिपाई उभी केली. खाली एक शिट्टी वाजली. पोकलेनचं तोंड अर्ध्यावर थांबलं, यंत्र वळलं, हायवा एकामागं एक चढणीला लागले. पोरं पाट्या टाकून पळाली. धूळ खाली बसली आणि खड्डा रिकामा झाला.

‘समदे कुठं गेले ग?’ ताईनं विचारलं.

‘आपल्याला भ्याले.’

‘आपल्याला?’ ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल. तिचं हसू खड्ड्यात जाऊन परत आलं, जरा उशिरानं, जरा बारीक होऊन. तिनं तोंडावर हात ठेवला.

मी कपड्याखाली शिरले. शिखर जुळलं. खांब जुळला. खांबाचं बूड जुन्या रेघेवर नेमकं बसलं. फुली खुंटाच्या बाहेर होती. फार नाही, अगदी थोडी. दाजींनी दगड जरा अलीकडं ठेवला असता तरी मातीसकट वाचला असता. फुलीच्या मागं लांबची तुटलेली कड दिसत होती, बाकी काही नव्हतं. फुली हवेत होती.

कपड्याखाली मी आणि ती फुली, दोघीच. बाहेर ताई उभी होती, तिची सावली कपड्यावर पडली होती. मनात आलं, सांगून टाकावं की राहिली आहे जागा. खांबाच्या बुडाशी आहे, सुखरूप. कुणाला कळणार आहे? खोटं बोलायला मला कधी फार जड गेलेलं नाही, आणि हे तर पुण्य लागेल असं खोटं होतं. ती घरी जाईल, खोलीत जाईल, सुनेशी हसेल. मी तोंडावर तसा भाव आणला आणि बाहेर आले.

‘ताई, मला वाटतं...’

‘वाटतं बिटतं नको,’ ती म्हणाली. ‘दाव मला.’

‘तुला नाही कळायचं. उलटं दिसतं सगळं.’

‘तू खाली जाऊन हुबी ऱ्हा खांबापाशी. तू कुठं हायस ते तर कळंल मला. फुलीखाली तू आलीस की सांगते.’

लहानपणापासून तिच्यापुढं माझं काही चाललेलं नाही. काच कशी बघायची ते दाखवलं, माझ्या फोनवरून तिचा फोन लावून तो तिच्या कानाशी दिला आणि मी ट्रकच्या वाटेनं खाली उतरले.

खाली गेल्यावर थंडी वाढली. वारा थांबला. टायरांच्या चाकोऱ्यांत पाणी झिरपत होतं. ते नुसतं बघितलं तर हलत नाही, पण नजर काढून परत बघावं तर चढलेलं असतं. टाकलेल्या पाट्यांमधून वाट काढत खुंटापाशी आले. तारा गुणगुणत होत्या, वीज चालू होती. खुंट माझ्या दुप्पट उंच. त्याच्या अंगावर जमिनीचे थर उघडे पडले होते, वर काळी माती, खाली सगळी वाळू.

‘डावीकडं सरक,’ फोनमधून ताई म्हणाली. सरकले. ‘अग, डावीकडं म्हणलं!’

‘डावीकडंच आलेय. उलटं दिसतंय तुला.’

‘मग उजवीकडं जा की, येडे! पहिल्यापास्नं सांगावं का न्हाई?’

थोडं भांडून झालं. मग ती म्हणाली, ‘थांब. तिथंच थांब.’

थांबले. वर ओट्यावर बघितलं तर ताई दिसत नव्हती. काळ्या कपड्याचा एक ढीग, त्याखाली लुगड्याचा काठ आणि तीन लाकडी पाय. डोकं नसलेलं काहीतरी माझ्याकडं बघत होतं. लोक मला बघून का पळतात ते मला त्या दिवशी समजलं. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. माझ्या मागं वाळू घसरली आणि थांबली.

‘ताई?’

‘तुझ्या खाली... न्हाई, थांब, उलटं हाय,’ ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. ‘तुझ्या डोक्याच्या वर हाय. लय वर.’

मी वर बघितलं. खुंटाच्या माथ्यावरचं गवत एका अंगाला हलत होतं आणि त्याच्या शेजारी निळं आभाळ होतं, बाकी काही नाही. आणि तरी माझ्या मानेवर काटा आला. कुणाच्या तरी पाळण्याखाली उभं राहावं तसं वाटलं मला, आणि मी अंग चोरून बाजूला झाले. जिथं जमीन होती, जिथं दाजींनी हातांनी उकरलं होतं, जिथं तिला ठेवलं होतं, ती जागा आता अधांतरी होती. तिला आता काही धरून नव्हतं.

मी बोलावलं नाही तरी ताई खाली आली. चपला हातात घेऊन, अनवाणी, ट्रकच्या चिखलातून. मी जिथून बाजूला सरकले होते तिथं येऊन उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल. मी तिला धरायला पुढं झाले.

‘पडली न्हाई ती,’ ताई म्हणाली. पायाखालची ओली वाळू तिनं अंगठ्यानं चाचपली. ‘हितं खाली काय न्हाई. नेलीय तिला. वाळूसंगंच उचलून नेलीय.’

‘ताई, शेकडो गाड्या गेल्या इथून. परभणीला गेल्या, नांदेडला गेल्या. कुणाच्या घरात गेली ते कुणाला सांगता येतंय का?’

‘न्हाई येत,’ ती म्हणाली. ‘पण मला माझ्या घराचंच ठरवायचं हाय ना. दुसऱ्याच्या घरी कशाला धाडू मी तिला?’

मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली, ‘खोलीचं बांधकाम चाललं तवा भिंतीला पाणी मीच मारायची ग. सकाळी अन् सांजच्याला. पोरगं म्हणायचं, आई, बास झालं. मला वाटायचं, किती पितीय ही भिंत. मारलं की जिरायलंय, मारलं की जिरायलंय. म्हणलं, पिऊ दे.’

मी तिथं रडले. ती नाही रडली. तिनं माझा हात धरला आणि लहानपणी बाजारातून आणायची तशी मला वर घेऊन आली. फोटो घ्यायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

वर कॅमेरा घडी करत होते तेवढ्यात देवळाच्या आडून वाळूवाल्यांपैकी एक जण पुढं आला. हात जोडून, घाबरत घाबरत म्हणाला, ‘काय निघालं, बाई, मोजणीत?’

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, ‘आमच्या घरचं व्हतं. झालं.’

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ताईनं हातपाय धुतले, दाजींच्या खोलीत गेली, त्यांच्याशेजारी पलंगावर टेकली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. दाजींनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. मग ती उठली आणि सरळ मागच्या दारानं नव्या खोलीत गेली. मी तिच्या मागं. ती खाली बसली, पाठ भिंतीला टेकवली, पाय लांब केले, आणि सुनेला म्हणाली, ‘च्या टाक माय, दमले मी.’

सूनबाईचा चेहरा असा उजळला. सासू पहिल्यांदा आपल्या खोलीत आली, पाठ टेकून बसली, चहा मागितला. तिनं धावत चहा आणला. खोलीत सगळं मांडलेलं होतं पण भिंती कोऱ्या होत्या, कारण सासूच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय त्या पोरीनं भिंतीला काही लावलंच नव्हतं. आता तिला धीर आला. माहेरून आणलेला आरसा पलंगाखाली गुंडाळून ठेवलेला होता, तो तिनं काढला, कपाटातून खिळा आणि हातोडी आणली आणि लाजत विचारलं, ‘आई, हितं लावू का?’

ताई चहा पीत होती. तिनं ऐकलं नसावं. सुनेनं खिळा भिंतीला टेकवला आणि हातोडी उचलली.

ताई कप ठेवून उठली, कशी उठली ते कळलंही नाही, आणि तिनं सुनेचं मनगट वरच्या वर धरलं. रागानं नाही. झोपलेल्या लेकराशेजारी कुणी भांडं वाजवायला लागलं तर धरावं, तसं.

‘नको माय,’ ती हळूच म्हणाली. ‘लागंल तिला.’

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. तिनं खिळा परत डबीत टाकला आणि आरसा खिडकीच्या फळीवर उभा करून ठेवला.